एका पायाचा मोर

गड्ड्यातले पाळणे सोडवून ट्रकात चढत असायचे,
तेव्हा केवलगिरी यायचा.
साखर पेठेत, आमच्या ओट्यावर चिमटा आपटायचा.
नाना मागावरून न उठताच म्हणायचे,
"काय बे बाबा, अजून जिता हायस?"
"जिता कुठला? बाविसाव्या वर्षी
माझं श्राद्ध मीच घालून निघालोय."

तीन रात्री. चौथी नाही.
पाच घरं मागायची,
सहाव्या दारात तव्यावर भाकरी फुगताना दिसली तरी नाही.
शेंगाचटणीनं जीभ पोळली की
तेलुगूत शिवी हासडायचा,
आई तोंडाला पदर लावून हसायची.
धुनीला लाकूड कुठलं आमच्याकडे?
ती विडीच्या पानांची कातरण द्यायची टोपलीभर.
बोळभर धूर, शेजारचा पोशेट्टी खोकत खोकत भांडायला यायचा
आणि बसून राहायचा मध्यरात्रीपर्यंत.

साधू कुत्र्यांना भ्यायचा.
झोळीत बामची बाटली होती.
होटगीला टीसीनं उतरवलं, ते मात्र
आपण पायी आलो म्हणून सांगायचा.

एका वर्षी नानांनी त्याला चादर दिली.
सेकंडची.
पंचकार्डाचं एक भोक बुजलेलं,
म्हणून मोराला एकच पाय आला,
शेठनं मजुरी कापून तोंडावर फेकलेली.
त्यानं ती उलगडली, बराच वेळ बघितली.
"एका पायावर उभा आहे," म्हणाला, "हा तर आमच्यातला."

मग दरवर्षी चादर परत यायची.
गिरनारला काट्यात अडकलेली,
हरिद्वारच्या थंडीत धुनीनं चाटलेली,
नाशकात कुणाच्या तरी विडीनं भोक पाडलेली.
विडी आईच्याच हातची असेल, काय सांगावं.
मी रफू करायची, मागावर जो रंग असेल त्या सुतानं.
नाना कुर्डुवाडीच्या पुढे कधी गेले नाहीत.
त्यांचं सूत बर्फ बघून यायचं.

एकदा मी विचारलं, सगळं सोडून काय मिळालं बाबा?
सुई टोचलेल्या माझ्या बोटाकडे बघत म्हणाला,
"भेगा."
मग बाम काढून दिला.

माग भंगारात गेला, किलोवर.
आई गेली. नाना खाटेवर.
यंदा ओट्यावर चिमटा वाजला तो दुसराच.
पोरगेला, कानात वायर,
हातात घडी.
गुरुजींनी सांगितलंय म्हणाला, फाटली तर सोलापूर.

नानांनी विचारलं, "सुतक किती दिवसांचं?"
पोरगा गोंधळला. सुतक नाहीच, म्हणाला,
त्यांचं सगळं आधीच झालेलं.
नाना भिंतीकडे वळले.

रात्री मी चादर मांडीवर घेतली.
चादर कमी, रफू जास्त.
मोर तेवढा शाबूत.
वाटलं, आता तरी दुसरा पाय काढावा,
चार टाक्यांचं तर काम,
पिवळं सूत ओवलंसुद्धा.
अंधारातून नाना बोलले,
"नको. टेकला तर बसेल कुठंतरी."

तीन रात्री राहिला पोरगा. सात-आठ घरं मागत होता,
मी कुणाला बोलले नाही.
चौथ्या सकाळी ओटा झाडताना
राख निघाली
आणि एक चार्जर.
फडक्यात गुंडाळून ठेवलाय,
सुयांच्या डब्याशेजारी.