खडूंचा हिशोब

सोमवार ते शुक्रवार हजेरीपटात बासष्ट नावं.
बासष्ट वह्या, संपत आलेलं लाल पेन,
मिनीबसमध्ये मांडीवर गठ्ठा.
कंडक्टर म्हणतो, मुतिंता मॅडम, याचं वेगळं तिकीट.

शनिवारी कन्यामाच्या चर्चमध्ये
कुठल्याच पटावर नसलेली मुलं.
बाकं भिंतीला सरकवायची,
चुलीवर सिस्टर न्याम्बेंचं मक्याचं आंबील,
आणि मी शाळेतून आणलेले खडू मोजते.

तीन कमी भरले.
लुबिंदावर संशय होता, खोटं कशाला बोलू.
आंबिलापुरता येतो, 'आर' उलटा काढतो,
प्रार्थनेत डोळे उघडे ठेवतो.
(मला कसं दिसलं, ते विचारू नका.)

बुधवारी पाण्याच्या टाकीमागून जाताना
माझाच आवाज कानी आला:
"मागच्यांनो, मोठ्यानं! जेवला नाहीत का?"

टाकीच्या काळ्या पोटावर ए, बी, सी.
समोर चार शेंबडी पोरं,
एकीच्या पाठीला चितेंगेत बांधलेलं तान्हं,
आणि लुबिंदा, हात कमरेवर,
मी उभी राहते तसा, जरा वाकडा.
'आर' उलटाच. चौघांनीही उलटाच गिरवला.

जेवला नाहीत का.
हे मी म्हणते?
दर शनिवारी?
ह्या मुलांना?

आल्या वाटेनं परतले.

पुढच्या शनिवारी आंबील आधी, अक्षरं मागून.
सिस्टर म्हणाल्या, आज उलटं कसं?
म्हटलं, असू दे.

महिनाअखेर हेडमास्तरांच्या वहीत लिहिलं:
खडू, तीन. पडून फुटले.