साडेसहा मीटर सूत

सातवी ब. पाठ अकरावा.
फळ्यावर जठर तीनदा काढलं, तीनदा पुसलं,
तिन्ही वेळा ते भरल्या वांग्यासारखं आलं.
मग म्हटलं, उद्या सगळ्यांनी घरून सूत आणा.
अक्कलकोट रोडची शाळा ही, सुताला काय तोटा?
दुसऱ्या दिवशी खिसे फुगवून आली पोरं,
कुणाच्या कांडीवर पांढरं,
कुणाच्या, टॉवेलच्या काठातून उरलेलं हिरवं.

सुरुवात तोंडापासून.
डब्यातली कडक भाकरी मोडली, काडकन,
तुकडा तुकडा वाटला. चावा. गिळायचं नाही.
बत्तिसापर्यंत मोजा.
विसाच्या आसपास साईनाथ बोल्ली ओरडला,
"बाई, गोड लागायलंय!"
लाळेनं पिठाची साखर करायला घेतली होती,
मला न विचारता.

अन्ननलिका: एक वीत, वर चार बोटं.
घास तिच्यातून पडत नाही, ढकलला जातो,
उलटं उभं राहून प्यायलं तरी पाणी पोटातच जातं.
हे सांगायला नको होतं.
दोघं लगेच भिंतीला पाय लावून तयार.

जठरात आंबट. इतकं,
की त्यानं स्वतःलाच पचवून टाकलं असतं,
म्हणून ते आतून सारखं स्वतःला लिंपत बसतं.
भाकरी, शेंगाचटणी, घाईत गिळलेला कांदा
तीन-चार तास तिथं घुसळत राहतात.
मग खालचं दार किलकिलं होतं
आणि थोडं थोडं पुढे.

पुढे सूत.
व्हरांड्यात अंथरलं,
मोठ्या बाईंच्या दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत.
लहान आतडं. लहान म्हणायचं म्हणून.
"एवढं सगळं आपल्यात?"
गुंडाळून, हो.
आणि आतून सपाट नाही. मी टॉवेल काढला,
माझाच, एप्रिलचा, घामेजलेला.
साधा पंचा पाणी नुसतं टिपतो,
हा पितो. का?
"लूप असतेत की, बाई,"
लावण्या यमूल म्हणाली, फारशी वर न बघता,
"जितके लूप, तितकं सूत जास्त खातंय कापड."
पुस्तकात त्याला रसांकुर म्हणतात.
मी फळ्यावर रसांकुर लिहिलं.
वहीत बहुतेकांनी लूप लिहिलं. राहू दिलं.

मग तिनं कंपासमधली कात्री काढली
आणि मधूनच हातभर सूत कापून बाजूला ठेवलं.
मी रागवायला तोंड उघडलं.
"नान्नाचं एवढं नाही," ती म्हणाली.
"सिव्हिलमध्ये काढलं. काळं पडलं होतं."
उलटे झालेले दोघं हळूच सुलटे झाले.

तिनं उरलेली दोन टोकं जवळ आणली.
अंगठा, तर्जनी, एक वळसा, एक ओढ,
शेपट्या दातानं तोडल्या.
मागावर ताणा तुटला की घालतात ती गाठ,
फणीतून जाताना अडत नाही ती.

"मग आता जेवतेत का?" साईनाथनं विचारलं.
"जेवतेत की. मऊ भात, ताक.
रात्रपाळीला पण जातेत."

मोठं आतडं राहिलंच होतं,
दीड मीटर, आलेलं पाणी थेंब थेंब परत घेणारं,
चार दिवसांआड नळ येणाऱ्या घरासारखं.
यकृत राहिलं. स्वादुपिंड राहिलं.
मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं,
पोट रिकामं असलं की हे सगळं बंद असतं का?
नाही, म्हटलं. दर दीडेक तासानं एक लाट
वरून निघते, खालपर्यंत झाडत जाते.
गुरगुरतं ना, ते तेच.
मधल्या सुट्टीला दहा मिनिटं होती.
ऐकायला सगळे एकदम गप्प झाले.

शाळा सुटल्यावर सूत परत गुंडाळत होते
कांडीवर, चिमटीतून सोडत,
गाठ लागेल म्हणून सावकाश.
टाकीपासून दारापर्यंत आले.
उलगडलं, पुन्हा गुंडाळलं.
लागली नाही.