गरम असताना

उद्यमनगरात नेली की जीप शहाणी होते.
पाहुण्यांसमोर पोरगं पाढे म्हणतं तशी
एका सुरात फिरते,
आणि मिस्त्री माझ्याकडं बघतात.

एकानं टाकीच्या झाकणाला भोक पाडलं.
एकानं कार्बोरेटर रॉकेलनं धुतला,
निघालेली चिमूटभर माती कागदावर ठेवून
पुरावा म्हणून दाखवली.
मंगळवार पेठेतला म्हणाला, पेट्रोल नळीतच उकळतंय,
पंपावर ओलं गोणपाट बांधा.
बांधलं. चार दिवस जीप
कपाळावर पट्टी ठेवलेल्या तापकऱ्यासारखी हिंडली,
पाचव्या दिवशी उसाच्या ट्रॉल्यांमागं
मेली.
पाऊण तास. मग जणू काही झालंच नव्हतं.

माझा धंदा मधाच्या पेट्यांचा.
पेट्या रात्री हलवायच्या, उजाडायच्या आत पोचायचं.
वाटेत इंजिन गप्प झालं
की मागचा आवाज वाढत जातो.
मी पूर्वेकडं बघत बसते.

शेवटी पांजरपोळाच्या मागं, इलाही शिकलगार.
त्यांनी बॉनेट उघडलंच नाही.
"थंड इंजिनाला काय इचारता, ताई?
ते न्हाई म्हणूनच सांगणार.
गरम असताना गाठाय पायजे हिला."
एक पक्कड, एक जुना प्लग, पिशवीत ओला टॉवेल.
शेजारी येऊन बसले.

एप्रिल, दुपारी दीड.
केर्ली मागं पडली. डांबर चिकटत होतं टायरला.
वाघबिळाच्या चढावर सेकंड टाकताना
आचका, अजून एक, आणि बंद.
"आली!" म्हणाले,
माहेरवाशीण दारात उभी राहिल्यासारखे.

नळी काढली, मी स्टार्टर मारला,
तळहातावर पेट्रोलची चूळ पडली.
"पेट्रोल हाय. त्याच्यावर आळ नगं."
प्लग इंजिनावर टेकवला. मारा.
ठिणगी पिवळट, ओढलेली,
उपाशी माणसाच्या हसण्यासारखी.
कॉईलला हात लावला आणि झटकन मागं घेतला.
टॉवेल गुंडाळला. वाफ निघाली.
आम्ही करवंदीच्या जाळीशेजारी बसलो,
ते सुपारी कातरत, मी घड्याळ बघत.
दहा मिनिटांनी परत मारा.
निळी. चट्ट.

मग ते वायरीमागनं बोटं नेत गेले,
डॅशबोर्डाच्या पाठीपर्यंत.
काळी टेप, गुळासारखी पाघळलेली. सोलली.
"हितं चिनी मातीचा तुकडा असतोय, बोटाएवढा.
बॅटरीचा जोर तो अंगावर घेतो.
कुणीतरी काढून वायर थेट जोडलीया.
कॉईल बिचारी भाजून निघतीया रोज."
"कोण हो असला शहाणा?" मी म्हटलं.

ते बोलले नाहीत.
वायरीचा पीळ डोळ्याजवळ नेऊन बघत राहिले.
"पीळ उलटा हाय," म्हणाले.

पक्कड त्यांच्या डाव्या हातात होती.
मी ते आत्ता पाहिलं.

अठरा वर्षांमागं. रात्र.
जीप बावड्याच्या एका ठेकेदाराची,
आत नवरा, करवली, आणि सनईवाला,
जो गाडी बंद पडली तरी वाजवायचा थांबेना.
तुकडा तडकलेला. दुकानं बंद.
"मुहूर्त गाठून देतो म्हटलं, आणि दिला.
उद्या आणा, नवा बसवतो, असंबी म्हटलं."
कोणी आणली नाही.
"मीबी इसरलो. चालत हुती न्हवं."

नवा तुकडा पंचाऐंशी रुपयांचा.
तेवढेच घेतले.
कापलेली वायर शर्टाच्या खिशात घातली,
टाकून दिली नाही.
निघताना म्हणाले, उद्या आणा, एकदा बघतो.

गेले. दुसऱ्याच दिवशी.
पन्हाळ्याला वेढा घालून,
इंजिन चांगलं तापवून.