पोळ्याच्या आदल्या दिवशी

डंडीत मार्चची रात्र,
आणि जिन्याखालच्या कपाटात व्हॅक्यूम क्लीनरच्या सोंडेशेजारी
आमचा सर्व्हर निळा डोळा मिचकावत बसलेला.
घरचा. कुणा कंपनीच्या दारात उभं राहायला नको
म्हणून मी हौसेनं मांडलेला.
हौसेला मोल नाही, शलाका म्हणाली होती,
वेळ मात्र लागतो.

तीन आठवडे झाले,
तिच्या ड्यूट्या माझ्या पडद्यावर उतरत नाहीत.
तिच्या फोनवर आहेत, सर्व्हरवर आहेत,
माझ्या कॉम्प्युटरवर कोरा मार्च.
काल मी दोघांची खिचडी टाकली
तेव्हा ती नाइनवेल्सला कुणाचं तरी सलाइन बदलत होती.

पासवर्ड पुन्हा घातला.
पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ दिली, काढली, परत दिली.
सर्टिफिकेट पाहिलं: जुलैपर्यंत जिवंत.
प्रोग्राम बंद करून चालू केला,
रुसलेल्या पोराला अंगणात फिरवून आणावं तसा.
लॉगमध्ये तीच ओळ, दर पंधरा मिनिटांनी:
चारशेपंधरा.
चारशेवीस असती तर निदान ओळखीची वाटली असती.

रात्री एकला लक्षात आलं,
हा आधी माणसं पाठवतो, मग तारखा.
माणसांत कुठेतरी अडलाय.

तीनशे बारा माणसं.
निम्मी उचलून बाजूला ठेवली. चालवलं. अडलं.
अठ्ठ्याहत्तर. अडलं.
एकोणचाळीस. गेलं!
म्हणजे दोषी उरलेल्यांत.
एकेक नाव डोळ्यांखालून गेलं:
बॉयलरवाला गेडीज, ज्याला मी कधी पैसे द्यायचे विसरलो नाही;
जुन्या घरमालकीणबाई लॉरिमर, खालच्या मजल्यावर झाडू आपटून गप्प करणाऱ्या;
कुणाच्या तरी तेराव्याला भेटलेला एक चुलता, नंबर नसलेला, नुसतं नाव.
दहा. पाच. तीन.

वेणूमावशी, अकोट.

तिच्या कार्डावर, जन्मतारखेच्या चौकटीत, माझ्याच हातानं:
पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांचे खांदे शेकत होते तेव्हा.

फोनवर विचारलं होतं मी. कागदावर एक जून आहे ना?
हसली.
तो मास्तरचा दिवस हाय बाप्पा, माहा नाही.
अर्धा वर्ग त्याच दिवशी जन्मला.
मी ऐकलं तसं टाइप केलं, आणि त्या दिवसापासून
रोज शहाण्णव वेळा
माझ्या कॉम्प्युटरनं ते वाक्य जिन्याखाली नेलं
आणि सर्व्हरनं रोज शहाण्णव वेळा परत धाडलं.
त्याला आकडे हवे होते, आठ.

एक जून टाकला.
लगेच गेलं. हिरवी खूण.
मी त्या खुणेकडे बघत राहिलो,
शाळेत नाव घालणाऱ्या मास्तरांच्या खुर्चीत बसल्यासारखा.
मग एक जून खोडला, चौकट रिकामी सोडली,
आणि मावशीचं वाक्य खाली टीप म्हणून लिहिलं.
तेही गेलं.
टिपेत काय लिहिलंय, ते कुणी तपासत नाही.

आणि मग तारखा आल्या,
बांध फुटल्यासारख्या:
रात्रपाळी, रात्रपाळी, दाताचा डॉक्टर, रात्रपाळी,
तेवीस स्मरणघंटा एकदम वाजल्या
दोन वाजता, अंधारात. मी स्पीकर दाबून धरला.

त्यांत एक,
शनिवार, सात मार्च, सकाळी अकरा:
ब्रॉटी फेरीपर्यंत चालत? जमेल तुला?
खाली, करड्या अक्षरांत: उत्तर आलेलं नाही.

त्या शनिवारी मी गच्च झोपलो होतो.
ती एकटीच कुठेतरी जाऊन आली होती, बूट ओले होते,
मी विचारलं नव्हतं.

बोटानं ओढून ती चौकट अठ्ठावीसवर आणली.
हो म्हटलं.
लॉग उघडला: दोनशेचार.
याचा अर्थ पोचलं,
आणि परत सांगण्यासारखं काही नाही.

तिचा फोन लॉकरमध्ये असेल सातपर्यंत.
जिन्याखाली पंखा थोडा वेळ जोरात फिरला, मग सावकाश.
खिचडी अजून होती. गरम केली.