नववा दिवस

अशोक चौकात, चष्म्याच्या दुकानावर
कुरापाटी टूर्स. जिन्यात सुपारीचे डाग,
काचेवर ताजमहाल,
उन्हानं निळा पडलेला.
सहा वर्षं मी इथं टाइप करते.
मालक बोलतात, मी भारत टाइप करते.

पहिला दिवस दिल्ली. दुसरा आग्रा, पहाटे निघणे.
चौथा जयपूर, हत्ती वगळून,
कारण हत्तीवर बसायला आता
पाहुणेच नको म्हणतात.
उदयपूरचं तळं इतक्यांदा लिहिलंय
की त्याचा गारवा मला पाठ आहे.
मी स्वतः तिरुपतीला गेलेय, दोनदा.
अक्कलकोट, गाणगापूर
आमच्यात प्रवासात धरत नाहीत.

फेब्रुवारीत हानेकेची मेल आली, नेदरलँडहून.
चौदा दिवस. एकटी. शाकाहारी. वय एकसष्ट.
यायचं डिसेंबरात.
सगळं नेहमीचं, फक्त शेवटी:
आईच्या कपाटात एक टॉवेल निघाला,
काठाला चिठ्ठी शिवलेली, सोलापूर.
नकाशात शोधलं, म्हणून तुम्हालाच विचारते आहे.
तिथं एक दिवस मिळेल का?

मालकांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"इथं? इथं काय बघणार की ती?"
मग धंदा आठवला:
"किल्ला टाक. सिद्धेश्वर टाक.
जेवून गाडीत बसव, विजापूर, गोलघुमट,
मुक्काम तिकडंच."

टाकलं.
वाचून बघितलं तर
कुठल्याही गावाचं वाटत होतं.
खोडलं.
पानावर नुसतं 'दिवस नववा'
आणि पुढं कर्सर, लुकलुकत.

असे टॉवेल कुठून निघतात ते मला माहीत आहे.
अक्कलकोट रोडच्या शेडमधून,
जिथं नाना बावीस वर्षं रात्रपाळीला होते
आणि आता घरी टीव्ही इतका मोठा लावतात
की शेजारचे चिप्पा भिंतीवर ठोकतात.
चिठ्ठ्या शिवायचं काम बायकांचं,
शेकड्यावर पैसे.
अम्मानंही केलंय ते,
विड्यांचं काम बंद होतं त्या दोन वर्षांत.
हे काही मेलमध्ये लिहिता येत नाही.

मी लिहिलं:
आदल्या रात्री पुण्याहून हुतात्मा, खिडकीची जागा.
सकाळी सात, लूमची शेड.
आत बोललेलं ऐकू येत नाही,
हातानं विचारावं लागेल.
सूत नाकात जातं, रुमाल जवळ ठेवावा.
टॉवेल सोबत आणावा.
तो कुणी विणला हे सांगता येणार नाही.
दुपारी एका घरी जेवण:
ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, दही जास्त.

मालकांनी वाचलं. परत वाचलं.
"घर कुणाचं?"
"आमचं."
"ह्याचे किती लावायचे?"
मला सुचेना.
उदयपूरच्या तळ्याचे मी झोपेतसुद्धा सांगते,
होडीसकट, टॅक्ससकट.
शेवटी त्यांनीच पेन घेतलं.
रिक्षा, दोनशे ऐंशी.
जेवणापुढं रेघ मारली
आणि विजापूर तेवढं राहू दिलं, दहाव्या दिवशी.

संध्याकाळी अम्माला सांगितलं.
मांडीवर सूप, हातात कात्री,
तेंदूची पानं कापत होती. कात्री थांबली नाही.
टॉवेलचं ऐकलं, तिच्या आईचं ऐकलं,
देश कुठला ते विचारलंच नाही.
एक पान उजेडात धरून
भोक आहे का बघितलं, आणि म्हणाली,
"एकसष्ट म्हणजे माझ्याएवढीच की.
आधी विचार तिला,
खाली मांडी घालून बसता येतं का."

उद्या सकाळी पहिली मेल तीच.
नाही म्हणाली तर चिप्पांकडून
खुर्ची आणावी लागेल.