चष्मा घेऊन ये

भूदेवी, विड्यांची मापं देऊन झाली की ये.
चष्मा आण. तुझा, नवऱ्याचा नको.

हे बघ, ऐंशी वर्षांपूर्वीचं पुस्तक.
कुणी पान पान फोटो काढून चढवलंय,
यंत्रानं वाचलंय, पण आंधळ्यागत:
बाळंतिणीची वाळंतीण केली,
चुलीचं मूल.
शेजारी ठेवून बघायचं आणि नीट करायचं, इतकंच.

तुला काय अवघड?
हजारात एक सैल विडी
तुझ्या बोटांना अंधारात कळते.
घरात तेलुगू, मराठी शाळेतली,
म्हणून तर तू अक्षर अक्षर बघतेस.
आम्ही ओळखीचं म्हणून पुढे जातो.

पगार नाही, आधीच सांगते.
दुपारचा तासभर,
साखर पेठेत लाइट असली तर.

आमच्यात बावीस जण, त्यात बाया तीन.
पोरं गुणी आहेत,
पण 'परकर' आला की 'प्रकार' करून मोकळी होतात.

काल शेवटच्या पानाला पोचले.
लिहिणारीचं नावच नाही:
'एका सोलापूरच्या भगिनीने' एवढंच.
बोट तिथंच राहिलं, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

आत शिरताना नाव विचारतात.
टोपणनावही चालतं म्हणे.
तू आपलं भूदेवी लिही.
मी चहा टाकते.