गुरुवारची चूक

नियम एकच:
पांढऱ्यानं पहिल्या चालीत
राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं
दोन घरं पुढं ढकलायचं.
म्हणजे डाव सुरू व्हायच्या आधीच
आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा.

हीउमा बेटावर, कॅर्दला गावात,
समुद्र गोठून पार दिसेनासा होतो त्या दिवसांत
मायमू रात्री आठला
स्वयंपाकघराचं दार लावून घेते.
मच्छीमार संघात एकतीस वर्षं हिशेब लिहिले तिनं.
एका कोपेकची चूक सापडेपर्यंत
घरी जायला कोट न घालणारी बाई.
आणि आता दर गुरुवारी
सोळा जण, सात फेऱ्या,
पहिलीच नोंद चुकीची,
तीही मुद्दाम.

तिच्या भाषेत उंटाला भाला म्हणतात,
हत्तीला गाडा,
वजिराला नुसतं झेंडा.
घोडा तेवढा घोडाच.
प्याद्याचं नाव 'पुढं जाणारा',
जणू मागं फिरायची बंदी
नियमात नाहीच, नावात आहे.

शाळेतले एंडेल सर सांगायचे,
राजाच्या दाराची कडी स्वतः काढू नये.
साठ वर्षं तिनं काढली नाही.
बाहेर उणे अठरा.
ती प्यादं सरकवते
आणि घरात कुठंतरी खिडकी उघडी राहिल्यासारखं वाटतं.
उठून बघूनसुद्धा येते.

पहिल्या फेरीत पोर्तुगालचा कुणी दंतवैद्य.
फुकटचं प्यादं दिसताच
त्याचा भाला धावत येऊन ते गिळतो,
मागं कोपऱ्यातला गाडा उघड्यावर.
हावरट मेला, म्हणते मायमू,
आणि चहात जाम ढवळते.

सहाव्या फेरीत तुमुर्बात.
मंगोलियात, दार्खानच्या वीजकेंद्रावर
रात्रपाळीचा पहारेकरी.
तिकडं पहाटेचे तीन वाजत आलेले.
पांढरी सोंगटी वाट्याला आली
की त्यालाही हेच प्यादं ढकलावं लागतं.
इथं कुणाचीच सुरुवात धड नसते
म्हणून कुणी कुणाला हसत नाही.
हे तिला घटस्फोटाच्या वर्षी कळलं असतं तर,
पण तेव्हा ती बुद्धिबळ खेळत नव्हती.

खेळी तिची. घड्याळात दोन मिनिटं.
आणि बेटाची वीज गेली.

तारांवर बर्फ साचला असणार.
मायमूनं मेणबत्ती लावली,
कपाटावरचा लाकडी पट काढला,
आठवणीनं एकेक सोंगटी जागेवर ठेवली.
ठेवता ठेवताच दिसलं,
चार चालींत मात.
तिचीच.
पहिल्या चालीनं पडलेल्या त्याच भगदाडातून
काळा झेंडा आत येणार होता,
बूट न काढता.
बघत बसली बराच वेळ.
सुंदर होतं ते.

वीज आली तेव्हा पडद्यावर:
प्रतिस्पर्ध्यानं डाव सोडला.
तुम्ही जिंकलात.

मायमूला राग आला.
मोडक्या रशियनमध्ये तिनं लिहिलं,
डाव तुझा होता.
उत्तर आलं,
मावशी, मी वीजकेंद्रातला माणूस.
लाइट गेली की दोष आमचा,
इथली रीत आहे ही.

पण तुमचं केंद्र कुठं, आमचं बेट कुठं,
असं ती टाइप करते, खोडते.
सातव्या फेरीला हजर राहत नाही.
रेघांच्या वहीत सहाव्या फेरीपुढं
स्वतःच्या नावावर शून्य लिहिते.
पडद्यावर मात्र एक आहे.
शून्य आणि एक.
हिशेब जुळत नाही.
ती पुन्हा वर बघते, पुन्हा खाली.

मग वही तशीच उघडी ठेवून
मायमू उठते,
कोट घालते,
आणि फावडं घेऊन
दारापुढचा बर्फ काढायला जाते.